कॅफीन तेवढंच, मग धडधड आत्ताच का?

अभ्यासिका_पेठ:
राज्यसेवेचा अभ्यास चालू आहे. रोज 8 कटिंग, इन्स्टंट कॉफीचे 2 मग (दीड-दीड चमचा) आणि रात्री 9 ला एनर्जी ड्रिंकचा 250 मिलीचा कॅन. डोकं दुखलं की गोळी. वर्षभर हेच चालू आहे, पण दोन आठवड्यांपासून हात थरथरतात, छातीत धडधडतं, पहाटे 3 पर्यंत झोप नाही. एक दिवस सगळं बंद केलं तर डोकं ठणकायला लागलं. कॅफीनचाच त्रास का हा?

मापात_घ्या:
आधी बेरीज. कटिंगमध्ये पावडरीनुसार 25 ते 35 मिग्रॅ, म्हणजे 8 चे 240 धरा. कॉफीच्या बाटलीवर चिकोरी (कॉफीत मिसळतात ती मुळाची पूड) किती ते वाचा. चिकोरीत कॅफीन नसतं. 70 टक्के कॉफी, 30 टक्के चिकोरी असेल तर दोन मगांचे अंदाजे 130. एनर्जी ड्रिंकला एफएसएसएआयची (देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) मर्यादा लिटरला 300 मिग्रॅ, म्हणून कॅनचे फार तर 75. झाले 445. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत आणखी 50 असतात, पाकिटावर बघा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2024 च्या सूचनांत दिवसाची मर्यादा 300 आहे, युरोपात निरोगी प्रौढाला 400.
पण वर्षभर चाललं ते आत्ताच का बाधावं? अलीकडे सिगारेट सोडलीत का? किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी अँटिबायोटिक गोळी चालू आहे?

अभ्यासिका_पेठ:
सिगारेट सोडून तीन आठवडे झाले. निकोटिनचं च्युइंगम चालू आहे. त्याचा काय संबंध?

मापात_घ्या:
तिथेच गोम आहे. कॅफीन मोडणारं यकृतातलं एन्झाइम सिगारेटच्या धुरामुळे जोरात चालतं. धूर थांबला की आठवड्याभरात ते मंदावतं आणि त्याच चहाचं रक्तातलं प्रमाण जवळपास दुप्पट होऊ शकतं. हे काम धुराचं, निकोटिनचं नव्हे, त्यामुळे च्युइंगमने ते एन्झाइम जोरात चालत नाही. सिगारेट परत नको, कॅफीन निम्म्यावर आणा. बरेच जण ही धडधड सिगारेट सोडल्याची समजतात आणि पुन्हा पेटवतात!

फार्मसी_काउंटर:
एका झटक्यात सोडू नका. बंद केल्यावर 12 ते 24 तासांत डोकं धरतं, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त, आणि आठवडाभर रेंगाळू शकतं. आधी कॅन बंद. मग दर तीन दिवसांनी एक कटिंग कमी, कॉफीचा दीड चमचा एकावर. डोकं दुखलंच तर साधी पॅरासिटामॉल. कॅफीनवाली घेतली तर मागच्या दाराने तेच पोटात जातं. निम्मं कॅफीन उतरायला सरासरी 5 तास लागतात, म्हणून शेवटचा कप दुपारी 3 पर्यंत. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांना याच्या साधारण दुप्पट वेळ लागतो.

चहाबाज:
कॉफी सोडून ग्रीन टीवर जाणाऱ्यांनो, त्यातही कॅफीन आहे. आणि मेसच्या जेवणासोबत चहा नको, टॅनिनमुळे अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. जेवणाआधी-नंतर तासाभराचं अंतर ठेवा.

फार्मसी_काउंटर:
जिमवाल्यांसाठी: सुटी कॅफीन पावडर आणूच नका. सपाट चमचाभर म्हणजे काही ग्रॅम. 1,200 मिग्रॅ झटपट पोटात गेलं तरी झटके येऊ शकतात. सतत उलट्या, छातीत दुखणं, नाडी चुकणं किंवा झटके दिसले तर थेट 108.
कॅफीन कमी करूनही धडधड आठवड्यात गेली नाही तर ईसीजी आणि थायरॉइड तपासून घ्या.