ऑनलाइन परीक्षांच्या प्लॅटफॉर्मवर रिमोट वेब इंजिनिअर: दिवस कसा लावायचा, काय मोडतं?

नदीकाठ:
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यापासून ऑनलाइन शिक्षणातल्या एका कंपनीत वेब इंजिनिअर म्हणून रुजू होतोय. काम पूर्ण वेळ सांगलीहून, घरून. कोर्सेस आणि वेळ लावून घेतलेल्या टेस्ट हे मुख्य उत्पादन. ग्राहक ब्रिटनमधली विद्यापीठं आणि इथली काही कॉलेजं. निम्मी टीम लंडनला, ऑन-कॉल (साइट बिघडली तर कधीही धावून जायची पाळी) आठवड्याआड. अनुभव ई-कॉमर्सचा आहे, त्यामुळे रिअ‍ॅक्ट, नोड ही वेबची साधनं आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस नवीन नाही. दिवसाची आखणी कशी करावी, या क्षेत्रात वेगळं काय मोडतं आणि घरी वीज-नेटची सोय किती लागते, हे जाणकारांनी सांगावं.

पाणवठा:
आधी घड्याळ. लंडनचं घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी तासभर पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. आपलं हलत नाही. म्हणजे तिथले सकाळचे १० उन्हाळ्यात आपले दुपारचे २:३०, हिवाळ्यात ३:३०. सकाळी ११ ते दुपारी २:३० हा वेळ कोड लिहायला आणि रिव्ह्यूला राखून ठेवा, त्यात मीटिंग घुसू देऊ नका. दिवसाचं काम संपवून उठण्यापूर्वी पुल रिक्वेस्टमध्ये (कोडमधला बदल तपासायला पाठवतो ती नोंद) तीन गोष्टी लिहा: काय झालं, कशावर अडलंय, कोणता फीचर फ्लॅग (एखादी सोय चालू-बंद करायचं बटण) चालू आहे. लंडनवाले पुढचे दोन-तीन तास त्यावर काम करू शकतात.

डिप्लॉयची, म्हणजे नवा कोड साइटवर चढवण्याची वेळ अवघड. आपल्या सकाळी ११ ला लंडन झोपलेलं असतं, पण इथल्या कॉलेजांच्या टेस्ट सुरू असतात. संध्याकाळी ७ ला उलट. त्यामुळे ठरावीक वेळ धरून चालत नाही. डिप्लॉयआधी पुढच्या दोन तासांत कोणत्या टेस्ट उघडणार-बंद होणार आहेत, ही यादी समोर हवी. परीक्षांच्या पंधरवड्यात फक्त रोलबॅक (आधीच्या कोडवर परत जाणं) आणि फ्लॅग बंद करणं, बाकी काही नाही.

आणि रात्री ११:५९ ची मुदत. लंडनचे ११:५९ म्हणजे आपले पहाटेचे ४:२९, हिवाळ्यात ५:२९. असाइनमेंटची मूळ मुदत दुपारी १२ असावी, असा आग्रह प्रॉडक्टवाल्यांकडे धरा. तेव्हा इथे ४:३० किंवा ५:३० वाजलेले असतात, दोन्हीकडची माणसं जागी असतात आणि विद्यार्थ्यालाही मदत मिळते.

कडीपत्ता:
काय मोडतं, ते सविस्तर सांगतो, कारण ई-कॉमर्सच्या सवयी इथे घात करतात.

सेलमध्ये गर्दी सुरुवातीला येते आणि हळूहळू ओसरते. टेस्टमध्ये ती शेवटच्या मिनिटाला येते. त्यातच वेळ संपल्यावर आपोआप सबमिट करणारा कोड सगळ्या ब्राउझरांत एकाच सेकंदाला चालतो. उत्तरं टेस्ट चालू असतानाच साठवत राहा: उत्तर बदललं की दोन-तीन सेकंदांनी, शिवाय दर ३० ते ६० सेकंदांनी. मग शेवटच्या सबमिटला फक्त स्थिती बदलायची उरते. आपोआप होणाऱ्या सबमिटला ० ते २० सेकंदांचा यादृच्छिक उशीर द्या आणि सर्व्हरवर मिनिटभराची सवलत ठेवा. तीच विनंती दोनदा आली तरी नोंद एकच राहिली पाहिजे, म्हणून अटेम्प्टच्या (एका विद्यार्थ्याने एकदा दिलेली टेस्ट) आयडीवर युनिक बंधन, म्हणजे त्या आयडीची दुसरी नोंद डेटाबेसच घेणार नाही. गुण मोजणं, ईमेल, प्रमाणपत्र हे सगळं रांगेत टाका, त्या विनंतीत नाही.

ऑटोस्केलिंगवर (गर्दी वाढली की सर्व्हर आपोआप वाढवणं) विसंबू नका. पोस्टग्रेसची जोडण्यांची मूळ मर्यादा १०० असते. प्रत्येक इन्स्टन्सचा, म्हणजे सर्व्हरच्या प्रतीचा, जोडण्यांचा पूल १० चा असेल तर दहाव्या इन्स्टन्सलाच डेटाबेस नकार देऊ लागतो. वाढवलेली क्षमताच साइट पाडते. मधे पीजीबाउन्सर हवा, तो थोड्या जोडण्या सगळ्यांना वाटून देतो.

टायमर: दर सेकंदाला एक वजा करणारा टायमर लिहू नका. मागे गेलेला टॅब पाच मिनिटांनंतर क्रोम मिनिटातून एकदाच जागा करू शकतो, आणि पुस्तक उघडून देण्याच्या परीक्षेत विद्यार्थी दुसऱ्या टॅबवर असतोच. शेवटची वेळ सर्व्हरकडून घ्या. सर्व्हर आणि लॅपटॉपच्या घड्याळांतला फरक एकदा मोजून ठेवा. टॅब पुढे आला की उरलेला वेळ नव्याने काढा.

ब्रिटनमध्ये अपंग विद्यार्थ्यांना २५ टक्के जादा वेळ मिळणं नेहमीचं आहे. म्हणून शेवटची वेळ टेस्टवर नाही, अटेम्प्टवर असते. टेस्टची वेळ सर्वांसाठी एकच म्हणून कॅश केली (एकदा काढून तीच सगळ्यांना वापरली), तर ज्यांना सवलतीची खरी गरज आहे त्यांचाच पेपर आधी बंद होतो. हे तपासणारी कोडची टेस्ट केस पहिल्या आठवड्यात लिहा.

जानेवारीचा कोर्स कॉपी करून मेमध्ये चालवताना यूटीसीत (कधीच न हलणारी जागतिक प्रमाणवेळ) दिवस मिळवले, तर प्रत्येक मुदत तासभर सरकते. स्थानिक वेळ आणि 'युरोप/लंडन' हे नाव दोन्ही साठवा.

वळणवाट:
कडीपत्ता यांच्याशी सहमत. यात एलटीआयची भर, म्हणजे विद्यापीठाच्या प्रणालीला बाहेरचं साधन जोडायचं मानक. विद्यापीठाच्या एलएमएसमधून (त्यांची कोर्स चालवायची प्रणाली) तुमचं पान आयफ्रेममध्ये, म्हणजे त्यांच्या पानातल्या चौकटीत उघडतं. सफारी २०२० पासून तिसऱ्या पक्षाच्या कुकीज (उघड्या पानाच्या साइटपेक्षा वेगळ्या साइटने ठेवलेल्या खुणा) पूर्ण अडवते. मग फक्त आयपॅडवाल्यांना 'स्टेट जुळत नाही' अशी चूक दिसते आणि आपल्या क्रोमवर काही सापडत नाही. खात्रीचा उपाय म्हणजे नवीन खिडकीत उघडणं. गुण परत पाठवताना गुणांकन 'फुलीग्रेडेड' असं कळवलं नाही, तर काही एलएमएस ते गुण दाखवतच नाहीत.

स्कॉर्म १.२ या जुन्या मानकातले कोर्स असतील तर सस्पेंड डेटाची (विद्यार्थी कुठे थांबला त्याची नोंद) मर्यादा ४०९६ अक्षरांची आहे. लांब कोर्समध्ये ठरावीक धड्यापुढे 'जिथे सोडलं तिथून सुरू' बंद पडतं, ते त्यामुळे.

दिवेलागण:
घरची सोय. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये वीज जाताना लागणारा क्षण राउटरला पुन्हा सुरू करायला पुरतो. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावा. घेण्याआधी दोन्हींच्या लेबलवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. फोनचं सिम फायबरपेक्षा वेगळ्या कंपनीचं असू द्या. सर्व्हरवर टीमक्स हा टर्मिनलचा प्रोग्रॅम वापरा, म्हणजे जोडणी तुटली तरी चाललेलं काम तुटत नाही. ऑन-कॉलच्या आठवड्यात महावितरणची देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याची सूचना आधी बघून घ्या.

नदीकाठ:
मनापासून आभार. एक राहिलं: टेस्ट चालू असताना साइट पडली, तर पहिलं पाऊल कोणतं? रीस्टार्ट?

कडीपत्ता:
नाही, आधी वेळ वाढवा. उघड्या असलेल्या सगळ्या अटेम्प्टना १५ मिनिटं एकदम वाढवून देणारी कमांड तयार असावी. ती मुख्य डेटाबेसच्या आधाराशिवाय, वेगळ्या फ्लॅगवर चालली पाहिजे, नाहीतर नेमक्या वेळी चालत नाही. वाढवायचं की नाही हा निर्णय विद्यापीठाच्या परीक्षा अधिकाऱ्याचा. त्यांचा फोन नंबर रनबुकच्या (बिघाडात काय करायचं ती लेखी यादी) पहिल्या ओळीत हवा, आणि कोणी, कधी, किती वाढवलं याची नोंद आपोआप व्हावी, कारण पुढे अपील आलं की तीच मागतात. वेळ वाढल्याची सूचना विद्यार्थ्याच्या पडद्यावर दिसली, की मग रीस्टार्टकडे वळा.