मदत हवी आहे: फेरफार प्रमाणित केला म्हणून माझ्यावर दावा, सरकारी वकील मिळेल का?

मी मंडळ अधिकारी आहे. सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायच्या एका फेरफार नोंदीवर हरकत आली होती. तक्रार केस (हरकतीची सुनावणी) चालवली, दोन्ही बाजूंना नोटिसा काढल्या, जबाब घेतले आणि बहिणीचं नाव लावून नोंद प्रमाणित केली. थोरल्या भावाने प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) अपील करायचं सोडून थेट दिवाणी कोर्ट गाठलं. नोंद रद्द करा आणि माझ्याकडून नुकसानभरपाई द्या, अशी मागणी आहे. दाव्यात मी पदनामाने नाही, नावाने प्रतिवादी. आरोप काय, तर 'संगनमत'. नेहमीचाच शब्द!

समन्स आल्यावर तहसीलला कळवलं. तिथे म्हणाले, नावाने दावा आहे, तुमचा वकील तुम्ही बघा. सरकारी वकिलांकडे गेले तर कलेक्टर ऑफिसचं पत्र आणा म्हणतात. मधे माझी बदली झाली, त्यामुळे जुनं ऑफिस नव्याकडे बोट दाखवतं आणि नवं जुन्याकडे. सरकारी अधिकाऱ्यावर दावा करण्याआधी द्यायची दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची नोटीसही मला मिळालेली नाही. खासगी वकील देऊन टाकू का? तारीख जवळ आलीय.

प्रतिसाद १
घाई नको, पण तारीख मात्र चुकवू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर 27 वाचा. नियम 7 प्रमाणे, शासनाला कळवायचं आहे म्हणून तुम्ही स्वतः कोर्टाकडे मुदत मागू शकता. नियम 8 प्रमाणे शासनाने बचाव स्वीकारला की सरकारी वकील तसा अर्ज देतात. तो अर्ज आलाच नाही, तर दावा दोन खासगी पक्षांसारखा चालतो. म्हणून तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना आजच लेखी द्या, सोबत समन्स आणि दाव्याची प्रत जोडा, आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कोणाला आठवत नाही.

नावाने दावा केला म्हणून काम खासगी होत नाही. कृत्य पदाच्या नात्याने केलेलं असेल तर नियम 5A प्रमाणे शासनालाही पक्षकार करावं लागतं. ते केलंय का बघा.

प्रतिसाद २
जमीन महसूल संहितेचं कलम 158 विसरू नका. नोंद करा किंवा काढा एवढ्यासाठी अधिकाऱ्यावर दावाच चालत नाही. नुकसानभरपाईचा भाग त्यात बसत नाही, तिथे न्यायाधीश (संरक्षण) अधिनियम, 1985 चा मुद्दा वकिलांना कैफियतीत (दाव्याच्या लेखी उत्तरात) घ्यायला लावा. तुम्ही सुनावणी घेऊन न्यायाधीशासारखा निर्णय दिलाय, म्हणून हा मुद्दा. नोटिशीचं म्हणाल, तर तातडीचं कारण दाखवून वादीने नोटिशीशिवाय दावा करायला कोर्टाची परवानगी घेतली होती का, ते रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) पाहा. घेतली नसेल तर हरकत पहिल्याच कैफियतीत यायला हवी. आणि तक्रार केसच्या संपूर्ण फाईलची नक्कल आत्ताच काढून ठेवा.