किलाटन आणि कणसंकलन, दोन शब्द कशाला?

पाणी शुद्धीकरणाबद्दल वाचताना कोॲग्युलेशन आणि फ्लॉक्युलेशन कायम जोडीनं भेटतात, मराठीत त्यांना किलाटन आणि कणसंकलन म्हटलेलं दिसलं. पण दोन्हीचा अर्थ मला 'गाळ गोळा होणं' एवढाच लागतोय. मग दोन शब्द कशाला? आणि कलिलाची 'स्थिरता' म्हणजे काय, पाणी हलत नाही ती का?

—

स्थिरतेपासून सुरू करू, घोळ तिथूनच होतो. पाणी हलतं का नाही याच्याशी तिचा काही संबंध नाही. कलिल म्हणजे साधारण १ नॅनोमीटर ते १ मायक्रॉन एवढे कण, चिकणमातीचे वगैरे, आणि त्यांच्या अंगावर बहुतेकदा ऋण भार असतो, त्यामुळे जवळ आले की एकमेकांना ढकलतात, शिवाय इतके बारीक की पाण्याच्या रेणूंचे धक्के खात तरंगत राहतात, खाली बसायचं नाव नाही. पाणी रात्रभर ठेवा, सकाळी गढूळच. हीच ती स्थिरता. म्हणजे प्लँट चालवणाऱ्याला जी मोडायचीय ती.

किलाटन म्हणजे ती मोडणं. ॲलम म्हणजे तुरटी टाकली की ॲल्युमिनियमचे धनभारित घटक कणांना चिकटतात, भार मारला जातो. डोस जरा जास्त असेल तर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा चिकट साका तयार होतो आणि जाताजाता कण गुंडाळून नेतो. सगळा खेळ काही सेकंदांचा, म्हणून तर फ्लॅश मिक्सरमध्ये जोरात घुसळतात, ॲलम सगळीकडे एकदम पोचायला हवा ना.

कणसंकलन त्याच्या पुढचं. भार गेला म्हणून कण आपोआप मोठे होत नाहीत, ते एकमेकांवर आदळले पाहिजेत, म्हणून २०-३० मिनिटं सावकाश ढवळत ठेवायचं. इथं घाई केली की फ्लॉक, म्हणजे कण जमून झालेला मऊ पुंजका, फुटतो आणि ॲलमचा फुटलेला फ्लॉक परत पहिल्यासारखा बांधला जात नाही.

थोडक्यात पहिलं रसायनाचं काम, दुसरं ढवळण्याचं.

—

वरचा अर्थ वॉटरवर्क्सवाल्यांचा, बरोबरच आहे, पण कोलॉइड केमिस्ट्रीचं पुस्तक उघडलंत तर गोंधळाल. तिथं ला मेर या रसायनशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात वेगळी वाटणी सुचवली होती, क्षार टाकून भार दाबला आणि कण जमले तर कोॲग्युलेशन, लांब साखळीच्या पॉलिमरनं कणांमध्ये पूल बांधला तर फ्लॉक्युलेशन. म्हणजे इथं फरक पायरीचा नाही, कारणाचा. काही लेखक तर दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरतात. तेव्हा पुस्तक कोणत्या शाखेचं ते आधी बघा.

बाकी 'किलाटन' मला पटतो. संस्कृतात किलाट म्हणजे नासवून घट्ट केलेलं दूध, आणि कोॲग्युलेशनच्या मुळाशी जो लॅटिन शब्द आहे त्याचा अर्थही दूध नासवणारं विरजणच. 'साकळणे' मात्र रक्तासाठीच ठेवलेलं बरं, पाणी साकळलं म्हटलं की भलतंच काहीतरी डोळ्यासमोर येतं.

—

दोघांचेही आभार. मग पाणी नीट निवळत नसेल तर ॲलम वाढवायचा, असंच ना?

—

नाही हो, हाच तर शब्द न समजल्याचा तोटा! आधी जार टेस्ट लावा. सहा बीकर, प्रत्येकात वेगळा डोस, एखादं मिनिट जोरात, मग हळू, मग ढवळणं बंद करून नुसतं बघत बसायचं. ज्यात टाचणीच्या टोकाएवढे दाणे दिसतात पण वाढत नाहीत, तिथं भार बहुधा मोडलाय आणि संकलन कमी पडतंय, ॲलम ओतून काय होणार? ढवळण्याचा वेग बघा, वेळ बघा, नाहीतर थोडं पॉलिमर देऊन बघा. ज्यात दाणाच दिसत नाही तिथं किलाटनच झालेलं नाही. तिथंसुद्धा डोस कमी आहे हे लगेच धरून चालू नका. ॲलम पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, खातो, १ मिलिग्रॅमला साधारण अर्धा मिलिग्रॅम, ती संपली की पीएच घसरतो आणि साका धरतच नाही, मग चुना द्यावा लागतो. आणि कधीकधी डोस इतका होतो की कणांवरचा भार उलटून धन होतो, परत एकमेकांना ढकलायला लागतात. कलिल पुन्हा स्थिर!