खासगीकरणानंतरची बाल्को: उत्पादन वाढले, सुरक्षिततेचे काय?

प्रश्न:
निर्गुंतवणुकीवर टिपण लिहिताना मी छत्तीसगडमधील कोरबाच्या भारत ॲल्युमिनियम कंपनीपाशी, म्हणजे बाल्कोपाशी, अडलो आहे. 2001 मध्ये केंद्र सरकारने तिचे 51 टक्के भागभांडवल 551.5 कोटी रुपयांना स्टरलाइट या खासगी कंपनीला विकले; तेव्हा सुमारे एक लाख टन असलेली वार्षिक क्षमता पुढे साडेपाच लाख टनांवर गेली. 2009 मध्ये कंपनीच्या वीजकेंद्राची धुराडे-चिमणी कोसळली, ती दुर्घटना या वाढीच्या हिशेबात धरावी, की निव्वळ बांधकामातील अपघात समजून बाजूला ठेवावी?

उत्तर 1:
हिशेबातच धरावी. एक टन ॲल्युमिनियमला सुमारे चौदा हजार युनिट वीज लागते, त्यामुळे स्मेल्टर, म्हणजे धातू वितळवून काढणारा कारखाना, वाढवायचा तर स्वतःचे वीजकेंद्रही वाढवावे लागते. 23 सप्टेंबर 2009 रोजी कोसळलेली चिमणी अशाच 1200 मेगावॅटच्या नव्या केंद्राची होती. 275 मीटरपैकी सुमारे 240 मीटर बांधून झालेली ती चिमणी पावसात कोसळली आणि किमान 40 कामगार मृत्युमुखी पडले. ते कंपनीचे कायम कामगार नव्हते, ठेकेदारांची माणसे होती. बांधकामातील अपघात म्हणून ते बाजूला काढले, तर ज्यांच्या श्रमांवर ही वाढ उभी राहत होती तेच नोंदीतून वगळले जातात, आणि हे मला मुळीच मान्य नाही.

उत्तर 2:
मी दुसऱ्या एका स्मेल्टरमध्ये बारा वर्षे पॉटरूममध्ये, म्हणजे ज्या भट्ट्यांत (पॉटमध्ये) ॲल्युमिनियम तयार होते त्या विभागात, काम केले. पॉटमधील रसाचे तापमान 950 अंशांच्या आसपास असते. त्यात ओलसर हत्यार बुडाले, तर पाण्याची क्षणात वाफ होऊन धातू अंगावर उडतो; म्हणून प्रत्येक पळी आधी पॉटच्या कडेला तापवून कोरडी करायची, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवले. ठेकेदाराकडून आलेल्या नव्या मुलाला ते शिकवायला पाळीत कोणाला वेळ नसे. एकदा त्याच्या हातातली पळी मी हिसकावून घेतली, तेव्हा तिच्या दांड्यावरून पाणी ओघळत होते.

उत्तर 3:
सगळा दोष खासगी मालकावर ढकलण्याआधी सरकारने 49 टक्के वाटा स्वतःकडे ठेवला होता, हेही लिहा. विक्रीविरुद्ध कामगारांनी 67 दिवस संप केला. डिसेंबर 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्री वैध ठरवली. त्या वादात नोकरीच्या हमीची पुष्कळ चर्चा झाली. टिपणात अपघातांचे आकडे देताना कायम आणि कंत्राटी कामगारांचे कामाचे तास वेगवेगळे मांडा, आणि प्रकल्पाच्या बांधकामावरचे मृत्यूही त्याच तक्त्यात घ्या.