स्पेक्ट्रमच्या रंगांत पोपट: चोच हिरवी का होते?

रंगपेटी१५
झेडएक्स स्पेक्ट्रम या १९८२ च्या घरगुती संगणकाच्या पॅलेटमध्ये (ठरावीक रंगसंचात) ४८×४८ पिक्सेलचा पोपट काढतोय, तोंड उजवीकडे. अंग हिरवं, चोच लाल, मागे आकाशी आभाळ. एसेप्राइट या पिक्सेल-चित्रांच्या प्रोग्राममध्ये छान दिसतो, पण एससीआर (स्पेक्ट्रमच्या पडद्याची) फाइल केली की चोचीचं मूळ हिरवं होतं आणि डोक्याभोवती चौकोनी ठिगळं पडतात. पॅलेटबाहेरचा एकही रंग नाही. मग चुकतंय कुठे?

शाईकागद
पॅलेट बरोबर आहे, चौकटी चुकल्यात. २५६×१९२ चा पडदा ८×८ च्या ७६८ चौकटींत विभागलेला असतो आणि एका चौकटीत दोनच रंग मावतात: एक शाई (भरलेल्या पिक्सेलचा रंग), एक कागद (मागचा रंग). तुमच्या चोचीच्या मुळाशी लाल, हिरवा, आकाशी असे तीन रंग आलेत. रूपांतर करणारा प्रोग्राम बहुधा जास्त पिक्सेलवाले दोन ठेवतो, तिसरा त्यांच्यात मिसळून टाकतो.

हे बंधन मेमरीपोटी आलं. चित्राला ६१४४ बाइट, रंगांना ७६८, एकूण ६९१२. प्रत्येक पिक्सेलला १६ रंगांची मुभा दिली असती तर २४,५७६ बाइट लागले असते, आणि १९८२ च्या लहान मॉडेलची सगळी रॅमच १६ केबी होती.

आधी ग्रिड ८×८ ची लावा आणि मगच रेखाटन करा. समजा चोच २१ व्या स्तंभापासून सुरू होते (मोजणी ० पासून). १६ ते २३ ही चौकट गालाची, म्हणून डोकं ३ पिक्सेल उजवीकडे सरकवा. चोच बरोबर २४ व्या स्तंभावर येईल. चोचीचा बाक खालच्या चौकटीत उतरत असेल तर तिथून छातीचा हिरवा रंग २३ पर्यंत मागे घ्या. मध्ये काळी रेघ मारून काही साधत नाही, तो तिसरा रंगच ठरतो.

चौकट७६८
आभाळ आकाशी ठेवू नका, काळं करा. स्पेक्ट्रमचे रंग ० ते ७ उजळपणाच्या चढत्या क्रमाने आहेत: काळा, निळा, लाल, किरमिजी, हिरवा, आकाशी, पिवळा, पांढरा. हिरवा आणि आकाशी शेजारी, म्हणून पोपटाची कड आभाळात विरघळते. काळा कागद घेतला तर बाह्यरेषा फुकट मिळते, आणि डोळ्यासाठी हिरव्यात २×२ ची जागा मोकळी सोडली की झालं. पंखाखालच्या सावलीला एक सोडून एक पिक्सेल भरा, गडद हिरवा भासतो.

ब्राइटचा (रंग जास्त उजळ करणारा) बिटही चौकटीला एकच असतो. साधा हिरवा आणि ब्राइट पिवळा एका चौकटीत बसत नाहीत. काळा दोन्हीकडे सारखाच, म्हणून तो कुठेही चालतो. (म्हणूनच रंग १६ नव्हे, १५.)

रंगपेटी१५
चोच २४ वर आणली, आभाळ काळं केलं, ठिगळं गेली! आता रंगांचे बाइट हाताने तपासायचे आहेत. हिशेब कसा करायचा?

शाईकागद
शाईचा क्रमांक + कागदाचा क्रमांक×८ (वरचेच ० ते ७), ब्राइट असेल तर आणखी ६४, फ्लॅश (चौकटीची उघडझाप) असेल तर १२८. काळ्यावर ब्राइट हिरवं अंग ६८, ब्राइट लाल चोच ६६. हे बाइट फाइलच्या शेवटच्या ७६८ मध्ये ओळीने सापडतील. चित्राचे बाइट मात्र सरळ ओळीने नसतात: चौकटीतली पुढची पिक्सेल-ओळ २५६ बाइट पुढे असते. स्वतःच्या कोडने फाइल लिहिताना हे विसरलं तर पोपट आडव्या पट्ट्यांत कापलेला दिसेल.