१९७२ ची एअरस्ट्रीम: पोचे ठोकून काढावेत की पत्रा बदलावा?

टेक्सासवाला
मंडळी, ऑस्टिनजवळ राहतो. एअरस्ट्रीम ओव्हरलँडर घेतली आहे (गाडीमागे ओढायचं ॲल्युमिनियमचं अमेरिकन फिरतं घर), १९७२ ची, २७ फुटी. मागच्या गोलाईवर ताटाएवढा पोचा आहे आणि त्याच्या मधोमध बोटभर घडी पडली आहे. दाराशेजारच्या सपाट भिंतीवर एक उथळ पोचा, छपरावर गारांचे बारीक खळगे. इथला डेंटिंगवाला म्हणतो, फिलर भरून रंग मारून देतो. चकचकीत पत्र्यावर रंग मारायला जीव होत नाही. कुणी हे काम केलंय का? आतून शिरावंच लागतं का?

गॅरेजकर_कोल्हापूर
फिलर अजिबात नको. पत्र्याला साबण चोळा, गॅसची फ्लेम लांबून फिरवा, साबण काळा पडला की थांबा. पत्रा मऊ पडतो, मग आतून लाकडी मोगरीने हळूहळू उचला. बसच्या ॲल्युमिनियमला आम्ही हेच करतो.

ओझरकर
गॅरेजकर, बसच्या पत्र्याला तुमचं बरोबर आहे. हा पत्रा तो नव्हे. ओझरच्या कारखान्यात मिग विमानांच्या पत्र्याला रिवेट मारण्यातच माझी नोकरी गेली, आता लेकीकडे ओहायोत असतो. एअरस्ट्रीमचा जॅक्सन सेंटरचा कारखाना इथलाच, तोही बघून आलो. या जुन्या गाड्यांना विमानाचाच पत्रा आहे: २०२४-टी३ नावाचा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू, जाडी जेमतेम ०.८ मिलिमीटर. आमच्याकडे रशियन डी-१६ मिश्रधातू यायचा, त्याचा हा सख्खा भाऊ. याची ताकद कारखान्यातल्या उष्णोपचारातून आलेली असते. साबण काळा पडेपर्यंत तापवलात की ती गेली, आणि घरी ती परत आणता येत नाही.

दुसरं, याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा थर असतो, प्रत्येक बाजूला जाडीच्या सुमारे ५ टक्के. म्हणजे ०.०४ मिलिमीटर! कानस किंवा सँडपेपर चालवला की तो उडाला, मग खालचा तांबेमिश्रित धातू उघडा पडून गंजतो. लोखंडी हातोडीही लावू नका. तिचे व्रण पडतात आणि लोखंडाचे कण रुतून बसतात. नायलॉनची किंवा लाकडाची मोगरी घ्या.

टेक्सासवाले, आता तुमचे पोचे. सपाट भिंतीवरचा निघेल. आतला पत्रा काढावाच लागेल: त्याच्या पॉप (पोकळ) रिवेटची डोकी ड्रिलने उडवा. मास्क लावा, जुन्या फायबरग्लासात उंदरांचा संसार असतो. बाहेरून एकाने वाळूची पिशवी दाबून धरायची, आतून दुसऱ्याने पोच्याच्या कडेकडून मध्याकडे दाबत जायचं. ठोकायचं कमी, दाबायचं जास्त. प्रत्येक ठोक्याने पत्रा थोडा ताणतो, आणि ताणलेला पत्रा मग डब्याच्या झाकणासारखा टकटक आत-बाहेर होत राहतो. थोडा पोचा शिल्लक राहिला तर राहू द्या.

गोलाईवरची घडी मात्र पूर्ण निघणार नाही. तिथला पत्रा दोन्ही दिशांनी वळवलेला आहे आणि घडीपाशी ताणला गेलाय. भिंग लावून बघा. चीर असेल तर तिच्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडा म्हणजे ती पुढे सरकणार नाही, आणि वरून गोल कोपऱ्यांचं ठिगळ रिवेट करा. गोलाईचा तो अख्खा तुकडा, म्हणजे पाकळी, बदलायची तर भंगारातल्या दुसऱ्या गाडीची शोधा. सांध्याला पॉलियुरेथेन सीलंट. सिलिकोन लावलंत तर पुढे त्यावर दुसरं काहीच चिकटणार नाही. नव्या पत्र्यात वरचा खालच्यावर यायला हवा, पाणी त्याच अंगाने उतरतं.

आणि हे सगळं करण्याआधी मागच्या बंपरवर उभे राहून उड्या मारा. दुसऱ्याला बघायला सांगा, बंपरबरोबर शेलही (बाहेरचं पत्र्याचं कवच) खाली जातं का?

टेक्सासवाला
काका, कमाल आहे! बायकोला बघायला लावलं. बंपर बोटभर खाली जातो, शेल जागच्या जागी. आणि आतून मागच्या कोपऱ्यात फरशीला स्क्रूड्रायव्हर टोचला तर सरळ आत गेला.

ओझरकर
मग पोच्याला सध्या हात लावू नका. सत्तरच्या दशकातल्या गाड्यांचं हे जुनं दुखणं. मागून पाणी शिरतं, प्लायवूड कुजतं, आणि शेल चासीला (खालच्या लोखंडी सांगाड्याला) धरून ठेवणारं काही उरत नाही. मागचा भाग तर सगळ्यात जास्त हिंदकळतो. कुजलेली फरशी कापून नवीन प्लायवूड घाला, शेल पुन्हा चासीला बोल्टने आवळा. त्यासाठी मागचा आतला पत्रा निघेलच, तेव्हा घडीची मागची बाजूही दिसेल. तोवर मागच्या दिव्यांभोवतीचं सीलंट खरवडून काढा आणि बंपरवरचा सांधा तपासा, पाणी बहुतेक तिथूनच येतंय.

गॅरेजकर_कोल्हापूर
काका, पटलं. बाहेरच्या पत्र्याचे घन (भरीव) रिवेट मारायला एकट्याला जमेल का?

ओझरकर
नाही हो. बाहेर ठोकणारी रिवेट गन, आत रिवेटच्या शेपटीला टेकवायचा जड ठोकळा (डॉली), दोन माणसं लागतातच. एकटं असाल तर बाहेरून बसणारे ऑलिंपिक रिवेट घ्या, त्यांचं डोकं शेव्हरने (तासायच्या हत्याराने) सपाट केलं की मूळच्याशी जुळतं. टेक्सासवाले, छपरावरच्या गारांच्या खळग्यांना हात लावू नका. फरशी उघडली की फोटो टाका.