जॉन ब्राऊनला 'माथेफिरू' म्हणायचं का?

शब्दवेडी: अमेरिकेतल्या गुलामगिरीवरचा एक लेख मराठीत करतेय आणि एका शब्दापाशी चार दिवस अडकलेय. गुलामगिरी मोडायला निघालेल्या जॉन ब्राऊनने ऑक्टोबर १८५९ मध्ये २१ साथीदार घेऊन हार्पर्स फेरी या गावातल्या सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला. मूळ लेखात त्याला 'फॅनॅटिक' म्हटलंय, मी 'जहाल' लिहिलं, तपासणाऱ्यांनी 'माथेफिरू' केलं. मला अजिबात पटत नाहीये, तो वेडा होता का हाच तर इतिहासकारांचा जुना वाद आहे. खटल्यात घराण्यातल्या वेडाचा मुद्दा निघाला तेव्हा त्याने स्वतःच तो झिडकारला. कृष्णवर्णीय इतिहासकार ड्यू बॉइस यांनी १९०९ मध्ये लिहिलेल्या त्याच्या चरित्रातही तो वेडा नाही. मग आपण एका शब्दात निकाल लावून मोकळं व्हायचं?

बाराखडी: जहाल म्हटलं की टिळक आठवतात, अग्रलेख, भाषणं. या माणसाने मे १८५६ मध्ये कॅन्ससात पाच जणांना रात्री घरातून बाहेर काढून तलवारींनी मारवलं. सरळ अतिरेकी म्हणा. आणि गुलामगिरी कशाला, दास्य म्हणा, आपला शब्द आहे.

दुपारचा चहा: मग चापेकरांना काय म्हणाल, त्यांनीही रँडला मारलंच आणि आपण हुतात्मा म्हणतोच. ब्राऊनही २ डिसेंबर १८५९ ला फासावर गेला. बाकी माथेफिरूत वेडच असतं असं नाही हं, आमची आजी दूध उतू गेलं तरी 'माथं फिरलंय का तुझं' म्हणायची.

ओसरी: दास्य म्हटलं की मला मारुतीची दास्यभक्ती आठवते, हात जोडलेली. गुलामगिरीत बेडी दिसते. जोतीरावांनी १८७३ मध्ये पुस्तकाला तेच नाव दिलं आणि ते अमेरिकेतल्या गुलाममुक्ती करणाऱ्यांनाच अर्पण केलं!

बाराखडी: अर्पणपत्रिकेत 'दास्यत्व' आहे, काढून बघा.

शब्दवेडी: माझा प्रश्न राहिलाच. अतिरेकी नको, त्यात आज बॉम्बच ऐकू येतो. आणि अजून एक, या हल्ल्यात पहिला बळी गेला हेवर्ड शेफर्ड, गुलाम नसलेला कृष्णवर्णीय, रेल्वेवर सामान बघायचा. ज्यांच्यासाठी लढायचं त्यांच्यातलाच माणूस, त्याच्याबद्दलचं वाक्य लिहिताना हात थांबला माझा. 'हमाल' लिहिलंय.

ओसरी: हमाल नको, तो रेल्वेचा नोकर होता.

दुपारचा चहा: आमच्याकडे कुली म्हणायचे.

बाराखडी: कुली मराठी नाही.